वालाला पाणी घालणारा

यंदा मी वालाला पाणी घातलं.

एवढं एक वाक्य आमच्या मुरबाडकडच्या कुठल्याही माणसाला सांगा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग आभाळाकडे बघेल आणि हळूच विचारील, "तब्येत बरी हाय ना?" कारण आमच्याकडे वालाला कोणी पाणी घालत नाही. भात कापून झालं, की खाचरात जी ओल उरते तीवर वाल पेरायचे आणि विसरून जायचं. पुढचं सगळं थंडी आणि दव बघून घेतात. हे मला कळत नव्हतं असं नाही. माझा जन्म धसईजवळच्या एका गावातला. पहिला दात आला तेव्हाही आईनं बहुधा वालाची शेंगच चोखायला दिली असेल. पण आता शहापूरला घर बांधलंय, मागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे, आणि घरात निळी नळी आहे. नळी हातात आली की माणसाला वाटतं, आपण काहीतरी केलं पाहिजे.

दिवाळीनंतर वाल टाकले. मी रोज सकाळी चहा घेऊन मागे जायचो आणि पाणी सोडायचो. वेल असे काही माजले, की कुंपण झाकलं, तुळस झाकली आणि शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत डोकावू लागले. मी खूश. मार्गशीर्ष सरत आला तरी फूल नाही. मी पाणी वाढवलं.

वनिता, म्हणजे आमच्या मंडळी, माहेर डोळखांबकडचं. तिनं आणखी आठवडाभर हा तमाशा बघितला. मग एका सकाळी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी वाल लावलेत का गवत?"

"शेंगा येतील की. धीर धर."

"धीर मी धरलाय. तुमी नळी धरलीय. त्याला तहान लागू द्या जरा. सगळं बसल्या जागी मिळालं तर तो शेंग कशाला धरंल?"

मी नळ बंद केला. सवयीनं उगीच आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. पानांवर माझं पाणी होतं आणि त्याच्याही आधीचं रात्रीचं दव होतं, आणि दोन्हींतला फरक मला सांगता येईना. अंगावर शिरशिरी आली. माहुलीच्या डोंगराकडून थंड वारा येत होता. त्या वाऱ्याबरोबर एक जुना हिवाळा आला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

तो हिवाळा नव्वदच्या दशकातला. दशक सरत आलं होतं, आणि माझं सरकारी नोकरीचं वयही. लग्न ठरताना वनिताच्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" मध्यस्थानं सांगितलं होतं, "परीक्षा देतो." सासऱ्यांना ते पटलं, कारण उत्तर खरं होतं. मी तलाठ्याची दिली, ग्रामसेवकाची दिली, पोस्टाची दिली, वनखात्याची दिली. पोलिसभरतीला धावलोसुद्धा. तिथं माझ्यामागे जे होते ते पुढे गेले आणि पुढे जे होते ते दिसेनासे झाले. लग्नानंतर पाच वर्षं झाली, थोरली मुलगी तीन वर्षांची झाली, तरी सासरेबुवा कोणी विचारलं की सांगायचे, "जावई परीक्षा देतात." पुढे पुढे त्यांचा आवाज बारीक होत गेला एवढंच.

आणि त्या वर्षी भाद्रपदात ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतल्या लिपिकाच्या जागांचा निकाल लागला. निवड यादीत मी नव्हतो. प्रतीक्षा यादीत होतो. तिसरा. यादी मार्चअखेरपर्यंत जिवंत राहणार होती. तोवर वरच्यांपैकी कोणी आलं नाही, कोणी सोडून गेलं, तर खालच्याला ऑर्डर. म्हणजे तीन माणसांनी नोकरीकडे पाठ फिरवली की तिसरा पाट माझा.

गावाला यातलं एवढंच कळलं, की दत्ताचा, म्हणजे माझा, नंबर तिसरा आलाय. काहींनी पेढे मागितले. मी समजावून सांगितल्यावर माझं नावच 'तिसरा' पडलं. धसईच्या बाजारात मिरच्या घेताना मागून हाक यायची, "काय तिसरे, आलं का कागद?"

प्रतीक्षा यादीतल्या माझ्या वरच्या दोघांची नावं मला पाठ झाली होती. त्या दोघांचं इतकं भलं मी चिंतलं, की सख्ख्या भावाचं चिंतलं नसेल. गावदेवीपुढे उभा राहून म्हणायचो, "आई, त्या दोघांचं कल्याण कर. त्यांना याहून मोठी नोकरी लाव. बँकेत लाव. परदेशी धाड." दुसऱ्यासाठी मागितलं की देव लवकर ऐकतो, असं आई म्हणायची. मी त्या नियमाचा जरा उपयोग करून घेत होतो.

आणि वाट बघत होतो. आमच्या घराचा उंबरा सागाचा होता, रुंद, बसायला ऐसपैस. त्यावर बसलं की गावात येणारा रस्ता चिंचेपासून दिसायचा. टपाल आठवड्यातून दोनदा यायचं. गोविंददादा पोस्टमन सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत यायचे, कारण चढ होता. चिंचेपाशी त्यांची टोपी दिसली की मी हात शर्टाला पुसून तयार ठेवायचो. दोनच दिवस टपाल, पण मी सातही दिवस बसायचो. न जाणो, एखादं जादा टपाल आलं तर?

आई आतून ओरडायची, "उंबऱ्यावर बसू नको रे दत्त्या! चांगलं नसतं."

"टपाल यायचंय आई."

"टपालाला घर ठाव हाय. तू आत बस नायतर शेतावर जा."

मी ना आत बसायचो ना शेतावर जायचो. गोविंददादा भला माणूस. दुरूनच मान हलवायचे, म्हणजे मला आशेचे चार क्षण कमी सोसावे लागत. जवळ आले की पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "आज नाय. पन नाय आलं म्हंजे येनार नाय असं नाय." या वाक्यावर मी तीन-तीन दिवस काढले आहेत.

पौषात एकदा त्यांनी मान हलवली नाही. लिफाफाच हलवला. मी उठलो तो कपाळ चौकटीवर आपटून. आई हात पुसत बाहेर आली, शेजारची चार माणसं आली, वनिता सूप तसंच टाकून आली. लिफाफ्यावर माझं नाव, माझा पत्ता, आणि अक्षरही माझंच. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा दुसऱ्या भरतीच्या अर्जासोबत जोडलेला, माझाच तिकीट लावलेला लिफाफा होता तो. आत बोटभर छापील चिठी होती, की सदर भरती रद्द झाली आहे. शेजारी एकेक करून पांगले. वनितानं लिफाफा हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाली, "अक्षर छान हाय हो तुमचं."

मला तेव्हा ते फार लागलं. आज आठवलं की हसू येतं. ती बिचारी दुसरं काय म्हणणार होती?

वाट बघणं हे काम दिसायला बसकं असतं, पण ते माणसाकडून बाकीची सगळी कामं काढून घेतं. वनिताला स्वयंपाकघरात एक फळी हवी होती. डबे जमिनीवर असायचे, मुलगी ते उपडे करायची. ती फळी मागायची आणि मी म्हणायचो, "आता ठाण्याला बिऱ्हाड करायचंय. दोन महिन्यांसाठी भिंतीला कशाला भोकं?" गोठ्याची दोन कौलं फुटली होती. "ठाण्याला काय गोठा नेणार आहोत?" धसईच्या भातगिरणीचे म्हातारे मालक, नानाशेट, स्वतः चालत आले. सुगीचे दिवस, गिरणीवर भाताची पोती थपून ठेवलेली, आणि त्यांची नजर अधू झालेली.

"दत्ता, भात सडायला हलरवर ये. मला आता पातं लावता येत नाय. तांदूळ तुटतो, लोक शिव्या घालतात."

मी फार थोर चेहरा करून म्हटलं, "नानाशेट, उद्या ऑर्डर आली तर तुम्हाला मधेच सोडून जावं लागेल. तुमची अडचण होईल."

"आली की जा ना. मी काय पाय धरून ठेवतो?"

"नाही. मला शब्द देऊन मोडायला जमत नाही."

नानाशेटांनी दाराकडे बघितलं, काठी उचलली आणि गेले. दाराआडून वनिताच्या बांगड्या वाजल्या.

वाल त्या वर्षी मी पेरले ते आईच्या धाकानं. ओल उडून जाईल म्हणून ती मागेच लागली होती. मी टोपलीतून मुठी भरभरून फेकले, बैल फिरवले, आणि परत येऊन उंबऱ्यावर बसलो. त्यानंतर मी त्या शेताकडे फिरकलोसुद्धा नाही. वनिता मात्र सकाळी मुलीला कडेवर घेऊन बांधावर जाऊन यायची. आली की पायांना दवानं भिजलेलं गवताचं बी चिकटलेलं असायचं. मी विचारायचो, "काय करतेस तिथं जाऊन? त्याला ना पाणी घालायचं ना खत."

"काय नाय. बघून येते."

दव पडताना दिसत नाही, हे मला फार उशिरा सुचलं. पाऊस दिसतो, वाजतो, त्याची बातमी होते. दव पडलं हे फक्त जो सकाळी अनवाणी बांधावर जातो त्याच्या पावलांना कळतं. माझ्या नशिबात तेव्हा काहीच पडत नाहीये, असं मला वाटत होतं. मी पायांत चपला घालून उंबऱ्यावर बसलो होतो, मग मला दुसरं काय वाटणार?

त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. वनितानं वाल खाणं सोडलं.

वालाच्या दिवसांत आमच्याकडे वालाशिवाय काही शिजत नाही. कोवळ्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, दाणे भाजीत, दाणे भातात. पोतं फोडून मागच्या वर्षीचे वाल काढायचे, भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि त्याचं बिरडं. वनिताचा सगळ्यात जीव बिरड्यावर. लग्नानंतर एकदा रुसली होती तेव्हा माझ्या सासूबाईंनी माहेराहून बिरड्याचा डबा पाठवून रुसवा काढला होता. ती वाल सोलायला बसली की बघत राहावं. कोमट पाण्यातला मोडाचा वाल चिमटीत धरायचा, जरासा दाबायचा, की आतला गुळगुळीत दाणा सुटकन बाहेर येतो आणि साल बोटांत राहतं. एकेक. शंभर झाले तरी एकेकच. दोन-दोन एकदम सोलायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. ती सगळ्यांसाठी ताटभर सोलायची, फोडणी द्यायची, वाढायची, आणि स्वतः भाकरीबरोबर चटणी घ्यायची.

"तू नाही खात?"

"पोटात वायू धरतो."

मी मान डोलावली. बायकोच्या पोटातला वायू हा ठाण्याच्या कागदापुढे अगदीच किरकोळ विषय होता. शेवटी आईनंच मला उंबऱ्यावर गाठून सांगितलं, "वायू नाय नि काय नाय. गावदेवीला बोलली हाय ती. मनासारखं व्हईपर्यंत वाल शिवनार नाय म्हनून. तुझ्यापायी, कळलं का रे?"

मी देवीपुढे दोन उपऱ्यांसाठी बँकेतल्या नोकऱ्या मागत होतो आणि इथं ही बाई माझ्या ऑर्डरसाठी जिवाचा घास सोडून बसली होती. मी ठरवलं, ऑर्डर आली की पहिल्या दिवशी हिला ताटभर बिरडं खाऊ घालायचं. स्वतः सोलून. ठरवलं आणि परत चिंचेकडे बघत बसलो.

माघ गेला. वाल वाळले, उपटले, खळ्यावर आले. मी ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते शेत त्या वर्षी असं पिकलं, की आई शेंग फोडून दाखवायची आणि म्हणायची, "बग, कोनी नाय बघितलं तरी दाना भरतो." होळी झाली. मार्च संपला. टपाल आलं नाही.

शेवटी मीच ठाण्याला गेलो. धसई ते मुरबाड एसटी, मुरबाड ते कल्याण एसटी, तिथून पुढे. कचेरीतल्या बाईंनी फाईल काढून बघितली. वाईट नव्हत्या बोलायला. म्हणाल्या, "यादी संपली हो काल. दोन नंबरपर्यंत आली होती. तुम्ही पुढचेच."

म्हणजे देवीनं माझं ऐकलं होतं. अर्धंच ऐकलं. त्या दोघांचं भलं कर म्हणालो होतो, केलं. सहा महिने रोज आठवण करून दिल्यावर ती तरी काय करणार?

येताना एसटीत खिडकीपाशी बसलो होतो. मुरबाड मागे पडलं, सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागली. मोकळी खाचरं, कुठंकुठं भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. उलट एक विचित्र गोष्ट झाली. मला भूक लागली. कडकडून. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आईनं तोंडाकडे बघितलं आणि दारातून बाजूला झाली. मी चपला काढल्या, सरळ आत गेलो आणि चुलीपाशी जाऊन बसलो. चुलीवर बिरडं रटरटत होतं, खोबऱ्याचा आणि वालाचा तो जरासा कडसर वास. मी म्हटलं, "संपलं. नाही झालं." वनिता म्हणाली, "हात धुवा." मला वाढलं, आईला वाढलं. मग स्वतःचं ताट घेतलं, त्यात भात घेतला आणि त्यावर दोन डाव बिरडं ओतून घेतलं. आणि मन लावून जेवायला लागली.

मी बघतच राहिलो. माझं आयुष्य बुडालं होतं आणि ही बोटं चाटत होती! वाटलं, देवीवर रागावली. नवस फळला नाही, तर व्रत मोडून टाकलं. हिची श्रद्धाही गेली माझ्यापायी. तो काटा मनात राहिला. विचारलं मात्र कधीच नाही. काही प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे अशी आपली खात्री असते.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यातली एक जुनी फळी धुतली आणि स्वयंपाकघरात ठोकली. ती डावीकडे इतकी कलली, की ठेवलेले डबे रात्रीतून आपोआप एका कोपऱ्यात जमायचे. त्यानंतर दोन दिवसांनी नानाशेटांकडे गेलो. ते म्हणाले, "काय रे, शब्द मोडायला आलास का द्यायला?" आणि हसले. त्यांनी मला भाताचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखायला शिकवलं, आणि आवाजावरून पातं किती सैल आहे ते सांगायला. पहिल्या महिन्यात मी एवढी कणी पाडली, की धसईतल्या कोंबड्या मला ओळखू लागल्या. पण तांदूळ हळूहळू अखंड पडू लागला. सन दोन हजारनंतर, नानाशेट गेल्यावर, शहापूरला स्वतःची छोटी गिरणी टाकली. तिच्यावर मुलं शिकली. आजही धान्याच्या रांगेत तिसऱ्या नंबरचं पोतं आलं, की मी ते जरा जास्त जपून सडतो.

तरी खोटं कशाला बोला. इच्छा मेली नाही. खाकी पाकीट दिसलं की अजून हात शर्टाला पुसला जातो. माझ्या वर्गातला एकजण अशाच कचेरीतून निवृत्त झाला, त्याच्या समारंभाला गेलो होतो. त्याला शाल दिली तेव्हा माझ्याच खांद्यांना ऊब लागल्यासारखं झालं. पूर्वी वाटायचं, श्रद्धा म्हणजे मागितलेलं मिळणार ही खात्री. आता वाटतं, मिळालं नाही तरी दुसऱ्या दिवशी फळी ठोकायला उठणं, तेवढीच माझ्या वाट्याला आलेली श्रद्धा असावी. वाकडी असेल. डबे तोलून धरते.

तर पाणी बंद केल्याला सहा आठवडे झाले. वेलांची पानं आधी रुसली, थोडी पिवळी पडली, माझा हात दहादा नळाकडे गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पांढरी फुलं दिसली. आज शेंगा आहेत. तो वास, थंडीतला तेलकट गोड वास, पूर्ण परसात. मी अनवाणी उभा होतो. वनिता पायरीवर बसून मोडाचे वाल सोलत होती, एकेक.

आणि इतक्या वर्षांनी तोंडातून निघूनच गेलं. "वनिता, त्या वर्षी यादी संपली त्या दिवशी तू बिरडं खाल्लंस, ते देवीवर रागावून ना?"

तिचे हात थांबले. "रागावू कशाला? देवीनं माझं ऐकलं की."

"ऐकलं? ऑर्डर कुठं आली?"

"ऑर्डर मागितली कोनी होती?" ती खरंच चकित झाली होती. "ती तुमी मागत होतात. मी म्हनलं होतं, आई, हा मानूस उंबऱ्यावर बसलाय. याला उठव. आत येऊ दे नायतर भायेर जाऊ दे, मला दोनी चालंल, पन मधी नको ठेवू. तुमी ठान्यावरनं आलात ते उंबरा वलांडून सरळ चुलीपाशी येऊन बसलात. तवाच मी माझं ताट वाढून घेतलं."

तिनं सोललेला एक वाल ताटात टाकला, दुसरा चिमटीत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता ती नळी गुंडाळून माळ्यावर टाका. तुमचा काय भरवसा नाय."